बद्द वाजणारी घागर

भिकुबाईनं आयुष्यभर लोकांचं ऐकलं, पण पुरतं कधी ऐकलं नाही. सासू म्हणायची, सोमवार कडक धर, तोंडात काही घालायचं नाही. भिकुबाई सोमवार धरायची आणि शेंगदाण्याचा एक दाणा दाढेखाली ठेवायची. चावायची नाही. दुपारपर्यंत तो मऊ पडायचा आणि केव्हा तरी आपोआप घशाखाली जायचा. नवऱ्यानं एकदा बजावलं, शेजारच्या चंदनबाईशी बोलायचं नाही. मधल्या भिंतीवरून काही तंटा झाला होता. भिकुबाई बोलली नाही. ती मागच्या अंगणात तुळशीपुढे उभी राहून मोठ्यानं म्हणायची, "तुळसाबाई, मना घरमा साखर सरी गई वं!" आणि भिंतीपलीकडून चंदनबाई, किराणावाल्या मारवाड्यांची सून, आपल्या मांजराला सांगायची, "मन्या, भिंतीवर वाटी ठेवलीय रे, सांडू नकोस." वर्षभर त्या दोघी अशा बोलल्या. तंटा मिटल्यावर समोरासमोर बोलायची वेळ आली तेव्हा दोघींना सुचेना.

तिच्या आधीची तीन भावंडं गेली होती. म्हणून आईनं पाच घरी पदर पसरून जोंधळे मागितले, त्या जोंधळ्यांवर हिला निजवलं आणि नाव ठेवलं भिकू. मागून आणलेल्या माणसानं नाही म्हणायचं नसतं, असं तिच्या मनात कुठे तरी बसून गेलं असावं. ती नाही म्हणत नसे. हो म्हणायची, आणि त्या होकारात बारीकशी चीर ठेवायची. त्या चिरेतून तिचं स्वतःचं काही असेल ते निघून जाई, आणि वरून सगळं शाबूत दिसे.

धुळ्यात देवपूरला दोन खोल्यांचं घर, पुढे रस्ता, मागे अंगण. नवरा अभिमन एसटीच्या वर्कशॉपात फिटर होता. कमी बोलणारा, हाताला कायम डिझेलचा वास असलेला माणूस. घर त्याचं होतं आणि मागचं अंगण भिकुबाईचं. तिथे शेवगा होता, लिंबू होतं, कढीपत्ता, अबोली, तुळस, आणि कोपऱ्यात मोगरा. कुंपणाबाहेर सरकारी निंब होता, पण त्याची अर्धी सावली भिकुबाईच्या अंगणात पडायची, म्हणून अर्धा निंबही तिचाच.

धुळ्याला वसंत येतो तो चपला न काढता. होळीची राख अजून चौकात उडत असते, तोवर निंबाला तांब्याच्या रंगाची पालवी फुटते. लळिंगच्या डोंगरावर पळस चार दिवस पेटून विझतो. पांझरेच्या कोरड्या पात्रात डांगराचे, म्हणजे खरबुजाचे, वेल पसरतात. निंबाचा मोहोर दुपारच्या वाऱ्यावर पिठासारखा उडत अंगणभर येतो, आणि त्या कडू-गोड वासात माणूस दोन क्षण थांबतो न थांबतो तोच वारा तापलेला असतो. वसंत गेलेला असतो. नळाला आठवड्यानं पाणी येतं. ज्याच्या घरी पिंप मोठं त्याच्या घरी फुलं.

भिकुबाईचं पिंप लहान होतं. तरी सगळ्या गल्लीत मोगरा तिचा. चैत्र लागला की हाताच्या पेराएवढ्या कळ्या. चंदनबाई भिंतीवरून म्हणायची, "भिकुबाई, त्याला काय दूध पाजता की काय?" भिकुबाई हसायची. त्याला काय पाजते ते तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

ते सांगायचं तर कामिनीचं सांगावं लागलं असतं.

कामिनी तिची एकुलती एक मुलगी. डोक्यानं बापावर गेली होती, जिभेनं कोणावर ते कळलं नाही. जळगावला ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत ती नळ्या तपासायच्या कामाला लागली. कुठली नळी किती दाबाला फुटते ते बघायचं, असं ती घरी सांगायची. आणि अभिमन, जो स्वतः आयुष्यभर फुटलेल्या नळ्याच जोडत आला होता, तो मान डोलवायचा. तिथेच काम करणाऱ्या हितेंद्रशी तिनं लग्न केलं. तो जातीतला नव्हता. तिनं विचारलं नाही. करून मग संध्याकाळी फोन केला. अभिमननं फोन ऐकला आणि बंद न करता टेबलावर उपडा ठेवला. त्यातून किती तरी वेळ "बाबा, बाबा" असं बारीक ऐकू येत होतं. भिकुबाई दारात उभी होती. टेबल तीन पावलांवर होतं. ती गेली नाही.

मग गावाकडून जेठ आले, अभिमनचे थोरले भाऊ भटूनाना. ते ओट्यावर बसले, चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "आपलेकरता ती मरी गई. मरी गई ते आखाजीले तिनी घागर भरा. भाऊबंदले दिसू द्या."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशात घरोघर घागर भरतात. मातीची नवी लाल घागर, पाण्यानं भरलेली, तिच्यावर डांगर, शेजारी आंबे. घरातल्या मेलेल्या माणसांची नावं घ्यायची, एकेका नावाला उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढायचं, निखाऱ्यावर घास टाकायचा, ती आगारी. उन्हाळ्यात मेलेल्यांनाही तहान लागते म्हणून ते पाणी. जिवंत माणसाची घागर कुणी भरत नाही. भरली तर त्याचा अर्थ एवढाच, की आता या घरात तुझं पाणी हे असं.

अभिमन नानांच्या शब्दाबाहेर नव्हता, भिकुबाई अभिमनच्या शब्दाबाहेर नव्हती. तिला घागर आणायला पाठवलं.

घागर घेताना बाया ती बोटाच्या पेरानं वाजवून घेतात. चांगली भाजलेली घागर टणटण वाजते, कुठे केसाएवढी चीर असली तर बद्द आवाज येतो. भिकुबाईनं कुंभारणीच्या ढिगातल्या बऱ्याच घागरी वाजवल्या आणि एकीवर थांबली. कुंभारीण म्हणाली, "माय, ती नका ल्या. ती बद्द वाजस. गळी ती."

"ऱ्हाऊ दे," भिकुबाई म्हणाली. "माले हाईच जोयजे."

घरी आणून तिनं ती भरली. सगळ्यांच्या समोर, डोक्यावर पदर घेऊन, तांब्या-तांब्यानं काठापर्यंत भरली. नाना पाटावर बसले, नावं घेऊ लागले. बाप, आजा, पणजा, मग कामिनी. तोवर घागरीखालच्या गव्हाच्या राशीतून पाण्याचा एक काळसर डाग पसरत चालला होता. भिकुबाई त्याच्याकडे बघत होती. तिच्या छातीवरचा दगड थोडा थोडा हलका होत होता. पूजा उरकेपर्यंत घागर अर्धी झाली, आगारी टाकून सगळे उठले तोवर जवळजवळ रिकामी. नानांनी आत डोकावून पाहिलं. मग ते वळून बसलेल्या भाऊबंदांना म्हणाले, "पहा. पोर पानी पी गई."

लोकांनी हात जोडले.

त्या दिवशी भिकुबाईला भोवळ आली, ती उपासानं असं सगळे म्हणाले. पण संध्याकाळपर्यंत तिनं मनाशी हिशोब जुळवून घेतला होता. नाना काय म्हणाले ते नानांचं. घागर गळकी होती. पाणी राहिलं नाही. म्हणजे कामिनीची घागर भरली गेलीच नाही. देवाला डोळे असतील तर त्यानं ते बघितलं असणार.

"पांझरेमा टाकी ये ती," अभिमन म्हणाला. भिकुबाई हो म्हणाली. आणि मागच्या अंगणात, कोपऱ्यात वाळत चाललेल्या मोगऱ्याच्या मुळाशी खड्डा करून तिनं ती गळ्यापर्यंत पुरली, तोंडावर फरशीचा तुकडा ठेवला. नदीत टाकवेना म्हणून पुरली, एवढंच. दुसऱ्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, तिनं फरशी सरकवून आत पाणी ओतलं. ते रात्रभर झिरपलं. पंधरा दिवसांत मोगऱ्याला धुमारे फुटले. बाकीची झाडं ज्येष्ठापर्यंत माना टाकून होती, मोगरा तेवढा हिरवा.

तेव्हापासून ती रोज सकाळी ती घागर भरायची. भांड्यांचं पाणी नाही, धुण्याचं नाही, पिण्याचं, गाळलेलं. घरात कामिनीचं नाव निघत नसे. भिकुबाई फरशी सरकवायची, पाणी आत पडताना आधी पोकळ आणि मग भरल्या गळ्यासारखा आवाज यायचा, आणि त्या आवाजाच्या आडोशानं ती म्हणायची, "कामिनी, चहा लिधा का?" किंवा, "आज ऊन भलतं शे, डोकाले रुमाल बांधी जाय." एवढंच. मग फरशी जागेवर. अभिमन देवासाठी फुलं तोडायला यायचा. ओंजळ भरली की म्हणायचा, "तुना हातले गुन शे." तिला हसू यायचं आणि रडूही, आणि दोन्ही ती आत जाऊन करायची.

अभिमन पौषात गेला. दम्याचं निमित्त झालं. भाऊबंदांनी कामिनीला कळवलं नाही. मेलेल्या माणसाला मेल्याचं काय कळवायचं. तेराव्यानंतर तिचाच फोन आला. कुठून तरी ऐकलं होतं. "मला कुणीच सांगितलं नाही," ती म्हणाली. आवाज जाड झाला होता. पहिल्यासारखी अहिराणी बोलत नव्हती, जळगावच्या ऑफिसातली मराठी बोलत होती. भिकुबाईला ती मराठी कळत होती; पण आपल्या मुलीशी बोलताना आपण काउंटरवर उभे आहोत असं वाटत होतं.

मग रविवारी रविवारी फोन येऊ लागले. जेवण झालं का, गोळ्या घेतल्या का, गॅस आला का. निंबाला मोहोर आला तेव्हा भिकुबाईनं एका रविवारी धीर केला.

"आखाजीले ये, पोरी. बाबानी पहिली घागर शे."

"बघते," कामिनी म्हणाली.

त्या 'बघते'वर भिकुबाईनं पूर्ण चैत्र काढला. अंगण सारवलं. अबोलीची आळी केली. शेवग्याची वाळकी फांदी तोडली. चंदनबाईनं भिंतीवरून हनुवटी टेकून विचारलं, "जावई येतोय वाटतं पहिल्यांदा?"

"जावई नई, आंडेर."

आंडेर, म्हणजे लेक. चंदनबाईनं तो शब्द या घरातून इतक्या वर्षांनी ऐकला. तिनं थट्टा केली नाही. थोड्या वेळानं भिंतीवर डाळीची पिशवी ठेवली, "पुरणाला घ्या, आमच्या घरच्या मिलची आहे," म्हणाली आणि आत गेली.

भिकुबाईच्या मनात एकच होतं. कामिनी आली की तिला मागे न्यायचं, फरशी सरकवायची आणि दाखवायचं. बघ, तुझी घागर. गळकी होती. भरलीच नाही. इतकी वर्षं जपून ठेवलेलं तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. सोनं नाही, शेत नाही. ही एक चीर होती.

कामिनी आखाजीला सकाळच्या गाडीनं आली. एकटीच. केसांत दोन-चार पांढरे, खांद्याला ऑफिसची पिशवी, पिशवीच्या बाजूच्या खणात पाण्याची बाटली. दारात तिनं स्वतःच पायांवर पाणी घेतलं. भिकुबाई भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायला आत धावली, ती येईपर्यंत कामिनी घरात येऊन बसलेली.

भटूनाना गावाहून आले होते, भावाची घागर भरायला. ऐंशी उलटलेले, दात गेलेले, ऐकू कमी. "कोन ऊनं?" त्यांनी विचारलं.

"कामिनी."

"हां, हां! ये वं पोरी. केवढी वाळी गई. तुले जळगावमा खायाले देतस का नई?" असं म्हणून ते तोंडभर हसले. नाना विसरले होते की विसरल्यासारखं करत होते, देव जाणे. म्हातारपण ही फार स्वस्तात मिळणारी माफी आहे.

पूजा झाली. या वेळची घागर भिकुबाईनं चारचारदा वाजवून आणली होती. खणखणीत. नानांनी उंबऱ्यावर बोटं ओढली. कामिनी त्या कुंकवाच्या रेघांकडे वाकून बघत होती.

"नाना," ती मोठ्यानं म्हणाली, "यातलं माझं बोट कोणतं?"

भिकुबाईच्या हातातला निखारा झाऱ्यावरून घसरला.

"तुनं?" नाना म्हणाले. "तुनं कसाले? तू ते जित्ती शे ना!"

आणि कामिनी हसली. खरंच हसली, पोट धरून. नानाही हसले. भिकुबाईला कळेना हसावं की काय करावं. तिनं निखारा चिमट्यानं उचलला.

मग दिवस सरळ गेला. इतका सरळ की भिकुबाईला भीती वाटावी. कामिनीनं पदर खोचला आणि खापरावरच्या पोळ्यांना हात लावला. दोन्ही हातांवर पोळी मोठी करताना भिकुबाईची कोपरं आता दुखत, तेव्हा कामिनी म्हणाली, "तू नुसती सांग, मी करते." तिची पहिली पोळी फाटली. "गाळणी झाई," भिकुबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या. जेवताना कामिनीनं रस दोनदा घेतला. तिची बाटली जेवणाआधीच संपली होती, ती रिकामी बाटली तिनं थोडा वेळ हातात फिरवली, मग म्हणाली, "माय, पाणी दे." भिकुबाईनं माठातलं पाणी दिलं. कामिनी ते एका दमात प्यायली. त्यानंतर ओट्यावर जाऊन तिनं हितेंद्रला फोन केला, "आज राहते रे. उद्या सकाळी निघते." भिकुबाई तुपाची वाटी घासत होती. ती तिनं तीनदा घासली.

दुपारी नाना पंख्याखाली झोपले. दोघी मागच्या अंगणात गेल्या. निंबाच्या सावलीत उन्हाचे ठिपके हलत होते. मोगरा भरून आला होता, दिवसा पानांत लपून बसलेल्या टपोऱ्या कळ्या, संध्याकाळी उमलणाऱ्या. कामिनी त्याच्यापाशी उकिडवी बसली.

"हा तोच?" तिनं विचारलं. "मरायला टेकलेला?"

"तोच."

"काय सुंदर झालाय, माय." तिनं एक फांदी हातानं उचलून खालून बघितली, तिच्या कंपनीत ती नळी बघत असेल तशी. "याला ठिबक लावलंय?"

भिकुबाईला वाटलं, आता. याहून चांगली वेळ येणार नाही. तिनं गुडघे टेकले आणि फरशी सरकवली.

"हाई पहा," ती म्हणाली. "तुनी घागर."

कामिनीनं आत बघितलं. काळं पाणी, त्यात निंबाच्या मोहोराचे चार-दोन कण आणि तिचा स्वतःचा चेहरा. भिकुबाई भराभरा बोलू लागली. आयुष्यात एवढं ती सलग बोलली नव्हती. कुंभारीण काय म्हणाली, आपण मुद्दाम बद्द वाजणारी कशी निवडली, पाणी कसं गळून गेलं, नानांना कसं कळलं नाही. "तुनी घागर भरायनीच नई, पोरी. मी कोनलेच सांगं नई. तुना बापलेबी नई."

कामिनी पाण्यावरची नजर न काढता म्हणाली, "म्हणजे तुला माहीत होतं."

"काय?"

"की हे चूक चाललंय."

"ते ते व्हतंच ना—"

"नानांना नव्हतं माहीत. बाबा रागात होते. त्यांना खरंच वाटलं असेल मी मेले. तुला तसं वाटलं नव्हतं." ती शांतपणे बोलत होती, एकेक शब्द दाबून बघितल्यासारखा. "तरी तू पाणी ओतलंस."

"गळी गयं ना बठ्ठं! थेंब ऱ्हायना नई."

"लोक मला लग्नाकार्यात गाठून सांगायचे, माय. तुझी घागर तर बसल्या बसल्या रिकामी झाली म्हणे. पोर पाणी पिऊन गेली. हसायचे. मी विचारायची, कोणी भरली? म्हणायचे, तुझ्या आईनंच की." ती थांबली. "एकदा नाही म्हणायचं होतंस. घागर धड आणली असतीस आणि नाही भरत म्हणाली असतीस, तरी चाललं असतं."

काही तरी चुकत होतं आणि नेमकं काय ते भिकुबाईला सापडत नव्हतं. तिनं उरलेलं पुढे केलं, सगळ्यात मोलाचं. "मी मंग ती आठे पुरी. रोज भरस. पेवानं पानी, गाळी लेस. इतला वरिस झायात, एक दिवस चुकनी नई."

ती हे अभिमानानं म्हणाली. म्हणून झालं, आणि मग तिलाच ते ऐकू आलं.

कामिनी उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते असतं तर बरं झालं असतं.

"त्यांनी एकदा भरली, माय," ती म्हणाली. "तू रोज."

सहाची गाडी मिळेल, असं ती नंतर म्हणाली. भांडण नाही, आवाज नाही. तिनं ताटं आवरली, नानांच्या पाया पडली. नाना उठून बसले, "चालनी का वं? ऱ्हाती ते ऱ्हाती एक रात," म्हणाले. ती भिकुबाईच्याही पाया पडली, परक्या घरी पडतात तसं, बोटं टेकवून. भिकुबाईनं ओल्या फडक्यात कळ्या बांधून आणल्या होत्या.

"नको," कामिनी म्हणाली. "गाडीत कोमेजतात."

रिक्षा वळेपर्यंत भिकुबाई ते फडकं धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाणी गाळून मागे गेली, फरशीपाशी बसली आणि बसूनच राहिली. ओतायचं तर आता ओतता येत नव्हतं. ती परत फिरली. वैशाखाचं ऊन होतं. तिसऱ्या दिवशी मोगऱ्याची पानं वाटीसारखी वळली, कळ्या देठाशी तपकिरी झाल्या. चंदनबाई म्हणाली, "अहो, मोगऱ्याला काय झालं?" भिकुबाई म्हणाली, "काई नई. ऊन."

वरून पाणी घालून पाहावं, असं तिला सुचलं होतं. पण घागर खाली तशीच होती आणि वरचं पाणीही शेवटी तिथेच उतरणार होतं. तिनं ठरवलं, ती काढायची. काढली की कामिनीला सांगता येईल, आता नाही. आता या घरात तुझी घागर नाही.

सकाळच्या थंडाव्यात तिनं खुरप्यानं माती उकरली. वीतभर खाली घागरीचं पोट लागलं, पण ते पोट आता नुसतं घागरीचं नव्हतं. त्या केसाएवढ्या चिरेतून मुळं आत शिरली होती. आत पांढऱ्या तंतूंचं जाळं झालं होतं, बाहेरून जाड मुळांनी तिला विळखा घातला होता. मोगरा घागरीत उगवलाय की घागर मोगऱ्याला फुटलीय, सांगता आलं नसतं. भिकुबाई थोडा वेळ खुरपं मांडीवर ठेवून बसली. मग तिनं मुळं कापायला सुरुवात केली. एकेक खापर सोडवून बाजूला ठेवत गेली. प्रत्येकाला मुळांचे दोरे चिकटलेले होते, लहान मूल पदर धरतं तसे. माती परत लोटली, झाड काठीला बांधलं, भरपूर पाणी घातलं. पण ज्याला खालून प्यायची सवय होती त्याला वरचं पाणी घेता आलं नाही. रविवारपर्यंत त्याची नुसती काटकी उरली.

त्या रविवारी फोन आला नाही. दुपारी भिकुबाईनंच लावला.

"माय, बोल."

"कामिनी, ती काढी टाकी मी."

"काय?"

"घागर."

तिकडे मागे कुठे तरी मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"मी सांगितलं होतं का काढायला?"

"नई."

"मग कोणी सांगितलं?"

"कोनीच नई. मीच."

मग कामिनीनं विचारलं, "आणि मोगरा?"

"गया तो."

"कशाला केलंस गं असं," कामिनी म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "मला आवडला होता तो. परत आल्यावर मी हितेंद्रला सांगितलं, एवढा मोगरा मी कुठेच नाही बघितला, आमच्या घरी..." ती थांबली. घरी या शब्दावर तिचं तिलाच अडखळायला झालं असावं. ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. "ठेवते," म्हणाली, आणि ठेवला.

भिकुबाईनं फोन टेबलावर ठेवला. उपडा नाही, सरळ. त्याच्याकडे बघत ती खुर्चीवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणी न सांगता काही केलं होतं, आणि पुरतं केलं होतं, कुठेही चीर न ठेवता.

"भिकुबाई!" भिंतीपलीकडून चंदनबाई ओरडली. "नळ आलाय, धार बारीक आहे, लवकर भरून घ्या!"

आठवड्याचं पाणी होतं. न भरून कसं चालेल? भिकुबाईनं हंडा भरला, माठ भरला, पिंप भरलं. सगळं भरून झालं तरी एक बादली हाताशी शिल्लक राहिली. ती घेऊन ती मागच्या अंगणात गेली, अर्ध्यातून परत फिरली, पुढच्या दारात आली आणि रस्त्यावरच्या धुळीवर तिनं ते पाणी शिंपडलं. धूळ बसली. एक टेम्पो गेला. ती पुन्हा उडू लागली.